खडकांना घड्या कशा पडतात?



सह्याद्रीतला एखादा घाट तुम्ही एस.टी.ने उतरला असाल, तर खिडकीतून समोरचे कडे पाहिलेच असतील. भाकऱ्यांची चवड रचावी तसे एकावर एक आडवे थर दिसतात. हे थर लाव्हारसाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते एकावर एक पसरले, थिजले आणि आजही जवळजवळ तसेच आडवे आहेत. लहानपणापासून असेच डोंगर पाहिल्यामुळे आपली समजूत होऊन बसते, की दगड म्हणजे कडक, सरळ आणि जागच्या जागी राहणारी वस्तू.

माझीही हीच समजूत होती. काही वर्षांपूर्वी आम्ही महाविद्यालयातले तीन प्राध्यापक विद्यार्थ्यांची सहल घेऊन बद्रीनाथला निघालो होतो. जोशीमठच्या थोडे अलीकडे दरड कोसळल्यामुळे रस्ता बंद झाला आणि आमची गाडी दोन तास एका कातळासमोर उभी राहिली. रस्त्यासाठी नव्यानेच तासलेला तो कातळ होता. त्यात पांढरे आणि काळे पट्टे होते, आणि ते सगळे पट्टे नागमोडी वाकलेले होते. काही ठिकाणी तर पट्टा पुढे जाऊन पुरता उलटा फिरला होता, जणू कोणी सतरंजी भिंतीकडे ढकलून तिच्या घड्या केल्या आहेत. आश्चर्य म्हणजे त्या वळणांवर कुठे तडा दिसत नव्हता.

पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, स्थायूला निश्चित आकार असतो असं तुम्हीच आम्हाला लिहून दिलंत. मग हा दगड न फुटता वाकला कसा?"

मी क्षणाचाही विचार न करता सांगून टाकले, "तेव्हा तो वितळलेला असणार!"

हे उत्तर चुकीचे होते. आमच्याबरोबर भूविज्ञानाचे प्राध्यापक होते. ते हसून म्हणाले, "अहो, वितळला असता तर पट्टे शिल्लक राहिले असते का? चहात दूध ओतून ढवळल्यावर दुधाची रेघ वेगळी दाखवता येते का तुम्हाला?" मला गप्प बसावे लागले. हा खडक वाकला तेव्हा तो स्थायूच होता. तो वितळला नव्हता आणि फुटलाही नव्हता. मग झाले तरी काय? त्या विद्यार्थिनीला मी तेव्हा देऊ न शकलेले उत्तर आज तुम्हा सर्वांना देतो.

दाराखाली दाबलेली कापडे

खडकांच्या थरांना घड्या पडलेल्या असतात, हे युरोपातल्या लोकांना दोनशे वर्षांपूर्वीच दिसले होते. स्कॉटलंडमधील सर जेम्स हॉल यांनी समुद्रकाठच्या कड्यांत अशा घड्या पाहिल्या आणि घरीच एक साधा प्रयोग केला. टेबलावर त्यांनी सुती आणि लोकरी कापडांचे थर पसरले. त्यांवर बिजागरीतून निखळलेले एक दार आडवे ठेवले आणि दारावर वजने ठेवली. मग कापडांच्या दोन्ही टोकांना फळ्या लावून त्या हातोड्याने एकमेकींकडे ठोकत नेल्या. कापडांना तशाच नागमोडी घड्या पडल्या आणि वरचे वजनदार दार हळूहळू उचलले गेले. हा प्रयोग त्यांनी १८१५ साली प्रसिद्ध केला.

या प्रयोगातून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. घड्या पडायला बाजूंनी रेटा लागतो. आणि आडवे अंतर कमी झाले, की तेवढा माल वर सरकतो, म्हणजेच पर्वत उंचावतो. पण तुम्ही लगेच शंका घ्याल, की कापड मऊ असते आणि दगड कठीण. कापडाचा न्याय दगडाला कसा लावायचा? शंका अगदी रास्त आहे. तिचे उत्तर मिळायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली.

दगड फुटतो म्हणजे नेमके काय होते?

हातोडा मारला की दगड फुटतो. का? दगडात आधीपासूनच अतिसूक्ष्म भेगा असतात. ताण पडला की एखाद्या भेगेचे तोंड उघडते, तिच्या टोकाशी ताण एकवटतो, भेग पुढे धावते आणि दगडाचे दोन तुकडे होतात. म्हणजे फुटण्यासाठी भेगेला उघडायला जागा हवी. ती जागाच मिळू दिली नाही तर?

जमिनीखाली ३० किलोमीटर खोलीवर काय परिस्थिती असेल, याचे गणित तुम्हाला करता येईल. द्रवातील दाबाचे सूत्र तुम्ही शिकलाच आहात: घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले खोली. खडकाची घनता दर घनमीटरला २,७०० किलोग्रॅम धरा, गुरुत्वत्वरण ९.८ आणि खोली ३०,००० मीटर. गुणाकार सुमारे ७९ कोटी पास्कल येतो. म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळजवळ ७,८०० पट! अंगठ्याच्या नखाएवढ्या, एक चौरस सेंटिमीटर जागेवर आठ टनांचा भार, आणि तोही चहूबाजूंनी. एवढ्या दाबाखाली भेगेने तोंड उघडायचे म्हटले तरी कसे उघडावे?

कॅनडातील माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात फ्रँक ॲडम्स आणि जॉन निकल्सन यांनी हेच प्रयोगशाळेत करून पाहिले. त्यांनी इटलीतल्या करारा येथील संगमरवराच्या लहान दंडगोल कांड्या घेतल्या आणि घट्ट बसतील अशा लोखंडी नळ्यांत त्या भरल्या. मग दोन्ही टोकांनी पोलादी दट्ट्यांनी हळूहळू दाब दिला. नळी मध्यभागी पिंपासारखी फुगली. लोखंड कापून बाजूला केल्यावर आतला संगमरवरही पिंपासारखाच फुगलेला निघाला, आणि तो अखंड होता! १९०१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिवाय असे दिसले, की गरम करून दाबलेला संगमरवर थंड असताना दाबलेल्यापेक्षा अधिक मजबूत राहतो. पुढे १९११ साली थिओडोर फॉन कारमान यांनी संगमरवराला चहूबाजूंनी द्रवाचा दाब देत तो मोजूनमापून चिरडला. बाजूचा दाब कमी असेल तर संगमरवर तडकतो आणि पुरेसा वाढवला तर न तडकता दबत जातो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. हेच फॉन कारमान पुढे विमानविद्येतले फार मोठे शास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्धीस आले.

थोडक्यात, ठिसूळपणा हा काही दगडाचा कायमचा स्वभाव नव्हे. तो परिस्थितीप्रमाणे बदलतो. ज्या पदार्थाचा आकार न फुटता कायमचा बदलता येतो त्याला आकार्य पदार्थ म्हणतात. दगड आपल्या हातात ठिसूळ असतो आणि पृथ्वीच्या पोटात आकार्य होतो.

जाजमाची सुरकुती आणि तांबटाची भट्टी

पण फुटला नाही, म्हणून तो वाकलाच पाहिजे असे कुठे आहे? स्थायूमध्ये अणू ओळीने, शिस्तीत बसलेले असतात. खडकातली क्वॉर्ट्झसारखी खनिजे म्हणजे असे स्फटिकच. स्फटिकाचा आकार बदलायचा तर अणूंचा एक थर दुसऱ्या थरावरून सरकला पाहिजे. संपूर्ण थर एकाच वेळी सरकवायला किती बल लागेल, याचे गणित रशियन शास्त्रज्ञ फ्रेंकेल यांनी १९२६ साली मांडले. उत्तर इतके प्रचंड आले, की प्रत्यक्षातले धातू त्यापेक्षा शेकडो, कधी हजारो पटींनी मऊ ठरले. सिद्धांत आणि अनुभव यांचा मेळ बसेना.

हा पेच १९३४ साली सुटला. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. ती समजायला शाळेतले जाजम आठवा. कार्यक्रमाच्या वेळी दिवाणखान्याएवढे जाजम वीतभर पुढे सरकवायचे असते. टोक धरून ओढले तर चार जणांनाही ते हलत नाही. पण एका कडेला सुरकुती पाडून ती पायाने ढकलत दुसऱ्या कडेपर्यंत नेली, तर एकटा विद्यार्थीही जाजम सरकवतो. स्फटिकातही अशा सुरकुत्या असतात. एखादी अणूंची ओळ मध्येच संपलेली असते आणि तिच्या भोवतीची रचना थोडी विसकटलेली असते. रचनेतल्या या खोडीला डिस्लोकेशन म्हणतात. ताण दिला की ही खोड स्फटिकातून एका कडेकडून दुसरीकडे सरकत जाते आणि अणूंचा वरचा थर एका पायरीने पुढे गेलेला असतो. एकही तुकडा सुटा होत नाही, पण आकार बदलतो. अशा कोट्यवधी खोडी सरकल्या, की दगड वाकतो.

मात्र इथे एक अडचण येते. पुण्याच्या तांबट आळीत कधी गेलात तर ती कानांनी ऐकता येईल आणि डोळ्यांनीही पाहता येईल. तांबट तांब्याचा पत्रा ठोकत असतो. काही वेळ पत्रा मुकाट्याने आकार घेतो, पण मग कडक होऊ लागतो. तसाच ठोकत राहिले तर चिरतो. असे का होते? ठोकल्यामुळे डिस्लोकेशनांची संख्या वाढत जाते आणि त्या एकमेकींच्या वाटेत येऊन अडकून पडतात. गर्दीच्या रस्त्यात वाहने अडकावीत तसाच हा प्रकार. तांबटाला हे अणुशास्त्र ठाऊक नसेल, पण उपाय ठाऊक आहे. तो भांडे भट्टीत घालून लाल करतो. उष्णतेने अणूंना हालचालीला बळ मिळते, गुंता सुटतो, जुन्या विसकटलेल्या स्फटिककणांच्या जागी नवे नीटनेटके कण तयार होतात आणि तांबे पुन्हा मऊ होते. मग पुन्हा ठोकायचे, पुन्हा तापवायचे.

पर्वताच्या मुळाशी नेमके हेच चालते. फरक एवढाच, की तिथे ठोकणे आणि तापवणे एकाच वेळी होते. खडक दबत असतो आणि त्याच वेळी त्याचे स्फटिककण नव्याने घडत असतात, त्यामुळे तो कडक होऊन चिरण्याची वेळच येत नाही. प्रत्येक खनिजाचे मऊ होण्याचे तापमान मात्र वेगळे. क्वॉर्ट्झ सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे अशा रीतीने वाहू लागते, फेल्स्पारला ४५० ते ५०० अंश लागतात. ही तापमाने त्यांच्या वितळण्याच्या तापमानापेक्षा पुष्कळच खाली आहेत, हे लक्षात घ्या. यात पाण्याचाही हात असतो. क्वॉर्ट्झच्या स्फटिकात पाण्याचा अगदी अल्प अंश शिरला तरी त्याची ताकद खूप घटते, असे १९६५ साली ग्रिग्ज आणि ब्लॅसिक यांनी प्रयोगाने दाखवले.

घाई करू नका!

दाब झाला, उष्णता झाली. तिसरी गोष्ट वेळ. हिमनदी पाहा. बर्फाचा खडा हातोडीने फोडता येतो, तरीही गंगोत्रीची हिमनदी घनरूप बर्फाचीच असून उतारावरून खाली वाहत असते. डांबराचीही अशीच गंमत आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ साली एका नरसाळ्यात कडक डांबर भरून ठेवले आणि १९३० साली नरसाळ्याचे तोंड उघडले. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून फक्त नऊ थेंब पडले. डांबर हा खरे तर अतिशय दाट द्रव आहे आणि बर्फ स्फटिकमय स्थायू आहे, त्यामुळे खडकाचा जवळचा नातलग बर्फ. पण दोघांचा धडा एकच. घाईने ठोसा दिला तर फुटतो, सावकाश रेटा दिला तर वाहतो.

पर्वत घडताना खडकाचा आकार किती वेगाने बदलतो? पुन्हा थोडे गणित करू. एक मीटर लांबीचा खडक घ्या. भूवैज्ञानिकांच्या मते त्याची लांबी एका सेकंदात साधारण जेवढी बदलते ती अशी मोजा: एका मीटरचे एक कोटी भाग करा, त्यांतला एक भाग उचलून त्याचे पुन्हा एक कोटी भाग करा. त्यांतला एक! अणूच्या व्यासाच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढे हे अंतर आहे. एका वर्षात सुमारे तीन कोटी पंधरा लाख सेकंद असतात, हे धरून हिशेब करा. एक मिलिमीटर बदल व्हायला सुमारे ३,२०० वर्षे लागतात. पण ३२ लाख वर्षांत तोच बदल एक मीटर होतो, म्हणजे खडक ताणला तर लांबीने दुप्पट होतो! ३२ लाख वर्षे आपल्याला प्रचंड वाटतात, पण हिमालयाच्या आयुष्यात तो एक छोटा तुकडा आहे.

हिमालयाच्या पोटात

आता पुन्हा जोशीमठच्या त्या कातळापाशी चला. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकणारा भारतीय भूखंड आशिया खंडाला भिडला. तो अजूनही रेटतोच आहे. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीप्रमाणे भारत आणि मध्य आशिया यांच्यातले अंतर वर्षाला चार ते पाच सेंटिमीटरने कमी होते. त्यांपैकी सुमारे दोन सेंटिमीटर एकटा हिमालय पोटात घेतो.

या रेट्यात भारताच्या उत्तर कडेचे खडक खाली दाबले गेले. काही तीस-चाळीस किलोमीटर खोल गेले आणि सहाशे-सातशे अंशांपर्यंत तापले. मूळचा चिखलाचा खडक अभ्रकाने चमकणाऱ्या सुभाजा खडकात बदलला. आणखी तापलेल्या भागात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पट्टिताश्म तयार झाला. यांनाच आपण रूपांतरित खडक म्हणतो. मग सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी हा तापलेला खडकांचा जाड थर दक्षिणेकडच्या थंड खडकांवर चढून शंभर किलोमीटरहून अधिक पुढे सरकला. ज्या पृष्ठावरून तो सरकला त्याला मेन सेंट्रल थ्रस्ट, म्हणजे मुख्य मध्यवर्ती क्षेप, असे नाव आहे. स्विस भूवैज्ञानिक आर्नोल्ड हाइम आणि ऑगुस्तो गान्सर यांनी १९३६ साली कुमाऊँ-गढवालमध्ये पायी फिरून त्याची पाहणी केली. पुढे खड्गसिंह वाल्दिया यांनी आयुष्यभर याच मुलखाचे नकाशे बारकाईने काढले. आमची गाडी अडकली होती ती याच पट्ट्यात.

हा क्षेप म्हणजे चाकूने कापल्यासारखी एक रेघ असेल असे समजू नका. तो काही किलोमीटर जाडीचा पट्टा आहे, आणि त्यातला सगळाच खडक पिळवटून निघाला आहे. पत्त्यांच्या कॅटवर तळहात ठेवून पुढे ढकलला, की प्रत्येक पान थोडे थोडे सरकते, तसे. अशा पट्ट्यात मिळणाऱ्या बारीक कणांच्या खडकाला मायलोनाइट म्हणतात. हे नाव चार्ल्स लॅपवर्थ यांनी १८८५ साली स्कॉटलंडमधील अशाच एका क्षेपावरच्या खडकाला दिले. ग्रीक भाषेतल्या जात्याच्या शब्दावरून त्यांनी ते घेतले, कारण खडक जात्यात भरडल्यासारखा बारीक झाला असे त्यांना वाटले. पुढे सूक्ष्मदर्शकातून दिसले, की तो भरडला गेलेला नाही. ताणाखाली जुने मोठे कण जाऊन त्यांच्या जागी नवे बारीक कण तयार झाले आहेत. म्हणजे जात्याचे काम नव्हे, तांबटाच्या भट्टीचे काम! नाव मात्र तेच राहिले. एवढा मोठा शास्त्रज्ञ चुकू शकतो, तर बसमध्ये मी चुकलो त्याचे मला थोडे समाधान वाटते.

खडकात लिहिलेला पुरावा

तुम्ही विचाराल, दोन कोटी वर्षांपूर्वी खोल जमिनीत घडलेल्या या गोष्टी पाहिल्या कोणी? कोणीच नाही. पण खडक स्वतःच साक्ष देतो. तीन साक्षी मी तुम्हाला सांगतो.

पहिली साक्ष पापुद्र्यांची. अभ्रकाचे कण पातळ, चपटे असतात. दाबाखाली ते दाबाच्या दिशेशी काटकोनात वळतात आणि तसेच वाढतात. म्हणून सुभाजा खडकाचे पापुद्रे निघतात. तुमचे आजी-आजोबा ज्या दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरवत होते, तिचे सपाट पत्रे याच कारणाने निघत. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री सॉर्बी यांनी १८५३ च्या सुमारास पांढऱ्या मातीत लोहभस्माचे चपटे कण कालवून ती दाबली आणि कण एका दिशेने रांगेत बसतात हे दाखवून दिले.

दुसरी साक्ष डोळ्यांची. मुनस्यारीच्या परिसरातल्या पट्टिताश्मात फेल्स्पारचे जाड पांढरे कण डोळ्यांच्या आकाराचे दिसतात आणि क्वॉर्ट्झ व अभ्रक यांचे पट्टे त्यांना वळसा घालून जातात. ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालते तसेच. कारण तुम्हाला आता ठाऊक आहे. ज्या तापमानाला क्वॉर्ट्झ वाहू लागले होते, त्या तापमानाला फेल्स्पार अजून ताठ होते. म्हणजे हे डोळे चक्क तापमापकाचे काम करतात!

तिसरी साक्ष गार्नेटची. डाळिंबाच्या दाण्यासारखे हे लाल खनिज भोवतालचे बारीक कण पोटात घेत घेत वाढते. काही गार्नेट कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर पोटातल्या कणांची ओळ शंखाच्या वेटोळ्यासारखी फिरलेली दिसते. भोवतालचा खडक सरकत असताना हा दाणा वाढत होता आणि वाढता वाढता गरगर फिरत होता, असा त्याचा सर्वसाधारणपणे अर्थ लावतात. गार्नेट काही चिखलात वाढत नाही. त्याला शेकडो अंश तापमान लागते. म्हणून 'मऊ चिखल असताना वाकला' हेही उत्तर इथे टिकत नाही.

या साक्षींत आणखी एक कोडे आहे. खोल जावे तसे तापमान वाढते, म्हणून डोंगराच्या पायथ्याशी जास्त तापलेले आणि वर कमी तापलेले खडक असावेत. हिमालयाच्या या पट्ट्यात मात्र उलट! चढत जावे तसे आधी गार्नेट, मग कायनाइट, मग सिलिमनाइट अशी अधिकाधिक तापमानाची खनिजे भेटतात. तापलेला थर थंड थरावर चढला, आणि चढताना मधला पट्टा पिळवटला गेला, हे याचे मुख्य कारण मानले जाते.

वर कुलूप, खाली प्रवाह

हे सारे जुन्या काळाचे म्हणून सोडून देऊ नका. आज भारतीय भूखंड हिमालयाखाली ज्या उतरत्या पृष्ठावरून सरकतो आहे, त्या पृष्ठाचा सुमारे पंधरा-वीस किलोमीटरपेक्षा खोल भाग इतका गरम आहे, की तिथला खडक वाहतो. वर्षाला दोन सेंटिमीटर, गाजावाजा न करता. पण त्यावरचा भाग थंड आहे. तिथे खडक ठिसूळ आहे आणि घर्षणामुळे पृष्ठ जखडलेले आहे. खालचा भाग सरकतो आणि वरचा अडून बसतो. मग काय होईल?

हूकचा नियम आठवा. वरचा खडक स्प्रिंगसारखा दाबला जातो. शंभर वर्षांत दोन मीटर सरकणे तुंबते. घर्षणाची मर्यादा संपली, की ते काही सेकंदांत सुटते. यालाच आपण भूकंप म्हणतो. १९०५ साली कांगड्याला हे घडले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार-नेपाळमध्ये घडले आणि दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. ज्या वर्षी प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांना स्फटिक का वाहतात ते उमगले, त्याच वर्षी जिथे खडक वाहू शकत नाही तिथे काय होते हे उत्तर बिहारने भोगले. २५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमधील गोरखा भूकंपात जखडलेल्या भागाच्या खालच्या कडेपाशी, सुमारे पंधरा किलोमीटर खोलीवर फाटणे सुरू झाले आणि ते पूर्वेकडे शंभर किलोमीटरहून लांब धावले. काठमांडूचे खोरे सुमारे एक मीटर वर उचलले गेले. जवळजवळ नऊ हजार लोकांचे प्राण गेले.

कुलूप कुठवर आहे, म्हणजे किती क्षेत्र जखडलेले आहे, यावर येणारा भूकंप किती मोठा होऊ शकेल हे अवलंबून असते. आणि कुलूप कुठे संपते हे क्वॉर्ट्झ किती अंशांना वाहू लागते यावर बऱ्याच अंशी ठरते. तो दिवस आणि ती वेळ कोणालाही सांगता येत नाही. पण भूकंप होणारच, हे धरून घरे, शाळा आणि पूल कसे बांधायचे ते आपल्या हातात आहे. त्यासाठी खोलवरच्या खडकाचा स्वभाव जाणून घ्यायचा असतो.

वाकलेले खडक पाहायला हिमालयातच जायला हवे असे नाही. भंडारा जिल्ह्यात कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजे सापडतात, आणि रामटेकजवळ मनसर-कांद्री भागात मँगनीजच्या खनिजाचे थर भोवतालच्या खडकांबरोबरच घड्या पडलेले आहेत. हिमालयाचा मागमूसही नव्हता तेव्हा तिथे पर्वत उभे राहिले. ऊनपावसाने ते झिजून सपाट झाले आणि आज आपण चालतो ती त्यांची उघडी पडलेली मुळे आहेत.

आता वर्गात मी स्थायूची व्याख्या लिहून देतो तेव्हा तिच्यापुढे आणखी एक ओळ लिहितो: 'नेहमीच्या तापमानाला, नेहमीच्या दाबाखाली आणि माणसाच्या आयुष्याएवढ्या काळापुरता.' जोशीमठच्या रस्त्यावर विचारलेल्या प्रश्नामुळे ती ओळ आली. तेव्हा मित्रहो, शिक्षकांनी सांगितलेले आणि डोळ्यांनी पाहिलेले जुळत नसेल, तर खुशाल विचारा. आणि शिक्षकांनीही माझ्यासारखी उत्तराची घाई करू नये!

करून पाहा

१. जुन्या चादरी आणि टॉवेल एकावर एक पसरा. वर पाट ठेवून त्यावर पुस्तके ठेवा. दोन्ही बाजूंनी फळ्यांनी हळूहळू आत रेटा. घड्यांचे चित्र काढा. पाटावरचे ओझे कमी-जास्त केल्याने घड्यांच्या आकारात काय फरक पडतो ते नोंदवा.

२. ओल्या शाडूत चमकीच्या चपट्या टिकल्या नीट कालवून गोळा करा. दोन फळ्यांमध्ये तो सावकाश चपटा होईपर्यंत दाबा. मग दाबाच्या दिशेने दोऱ्याने कापून पाहा. टिकल्या कोणत्या दिशेने बसल्या आहेत?

३. जाड तांब्याची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. ती कडक होत जाते का? दुसरी तशीच तार मध्येच शिक्षकांच्या देखरेखीखाली बर्नरवर लाल करून, थंड झाल्यावर वाकवा. दोन्ही तारा किती वेळा वाकवल्यावर तुटल्या ते मोजा. पर्वताचे निम्मे रहस्य तुमच्या हातात आलेले असेल.